वेल्श भाषेतील रोजचे शब्द



आजचा विषय जरा आडवळणाचा आहे याची मला कल्पना आहे. वसंत व्याख्यानमालेत आपण अर्थकारण ऐकता, इतिहास ऐकता, संतवाङ्मय ऐकता. अशा थोरामोठ्यांच्या पंक्तीत 'वेल्श भाषेतील नमस्कार, आभार आणि चहाची मागणी' हे पान मांडणे म्हणजे मेजवानीच्या ताटात कांदाभाकर वाढण्यासारखे आहे. परंतु कांदाभाकर रोजची असते, आणि रोजचे जे असते त्यावरच माणूस जगतो. भाषेचेही तसेच आहे. एखादी भाषा महाकाव्यांवर जगते की 'दूध आहे का?' या प्रश्नावर जगते, याचा निकाल ज्या थोड्या देशांत डोळ्यांदेखत लागत आहे, त्यांतला वेल्स हा एक. म्हणून मी तिकडे वळलो.

वेल्स म्हणजे ब्रिटन बेटाचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा. लोकसंख्या सुमारे एकतीस लाख. त्या लोकांच्या भाषेला इंग्रज 'वेल्श' म्हणतात. ते स्वतः तिला 'कम्राइग' म्हणतात आणि आपल्या देशाला 'कम्री'. 'वेल्श' या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ 'परका' असा आहे. घरात राहणाऱ्यालाच परका म्हणायचे, ही साम्राज्याची जुनी खोड आहे. ही भाषा इंग्रजीची बोली नव्हे. इंग्रजीच्या पूर्वजांचे पाऊल त्या बेटावर पडण्यापूर्वीपासून जी भाषा तेथे बोलली जात होती, तिची ही लेक.

आता थोडी ओळख करून घेऊ. सकाळी भेटलात तर म्हणा 'बोरे दा', म्हणजे शुभ सकाळ. रात्री निरोप घेताना 'नोस दा'. आभाराला 'दिओल्ख'. शेवटचा ख घशातून घासून काढायचा. आणि इंग्रजीत ज्याला 'प्लीज' म्हणतात त्याला वेल्शमध्ये चांगले लांबलचक वाक्य आहे: 'ओस ग्वेलुख अन दा'. शब्दशः अर्थ, 'आपल्याला बरे दिसत असेल तर'. 'सॉरी' म्हणायचे तर 'माइन द्रूग गेन ई', म्हणजे 'माझ्याजवळ वाईट आहे'. आपण म्हणतो 'मला वाईट वाटते', अगदी तेच. इंग्रज विद्यार्थी या वाक्यापाशी थबकतो, कारण त्याला वाईट 'व्हायचे' असते. ते आपल्याला 'वाटते' ही कल्पना त्याच्या व्याकरणात नाही. मराठी माणसाला येथे काही शिकवावेच लागत नाही.

असे पुष्कळ आहे. 'माझ्याकडे मांजर आहे' हे वाक्य घ्या. इंग्रजीला त्यासाठी मालकीचे एक खास क्रियापद लागते. वेल्शला लागत नाही आणि मराठीलाही लागत नाही. दोघीही मांजर 'माझ्याकडे' ठेवतात आणि 'आहे' म्हणून मोकळ्या होतात. इंग्रजीत धाकट्या भावाला आणि न्यायाधीशाला एकच सर्वनाम; वेल्शमध्ये 'ती' आणि 'खी', म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. सासरेबुवांना 'ती' म्हणावे की 'खी', याचा पेच वेल्श जावयालाही पडतो.

सर्वांत गंमत 'हो' आणि 'नाही' यांची. वेल्शमध्ये प्रत्येक प्रश्नाला चालेल असा एकच 'हो' नाही. प्रश्नात जे क्रियापद येते तेच उत्तरात परत करायचे. 'दूध आहे का?' याला 'ओइस', म्हणजे 'आहे'. 'तुम्ही येत आहात का?' याला 'अदू', म्हणजे 'मी आहे'. 'काल गेला होतात का?' याला 'दो'. हा केवळ भूतकाळाचा होकार. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या होकारांची यादी पाठ करावी लागते आणि ऐन वेळी तोंडात भलताच होकार येतो. आपण मात्र 'येतोस का?' याला 'येतो' आणि 'आहे का?' याला 'आहे' असे म्हणतच मोठे झालो.

याचा अर्थ वेल्श आपल्याला सोपी आहे असा मात्र नव्हे. तिची एक खोडी अशी आहे की तीपुढे आपलेही काही चालत नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना त्याचा शेवट बदलतो: घोडा, घोड्याला, घोड्याचा. वेल्शमध्ये शब्दाचे तोंडच बदलते. मांजर म्हणजे 'काथ'. 'तुझे मांजर' म्हणताना ते 'द गाथ' होते. 'माझे मांजर' म्हणताना 'व ङ्हाथ'. बाराखडीत आपण सर्वांनी जो ङ इमानाने गिरवला आणि पुढे जन्मभर शब्दारंभी कधी वापरला नाही, तो येथे कामाला येतो. 'त्याचे मांजर' म्हणजे 'ई गाथ' आणि 'तिचे मांजर' म्हणजे 'ई खाथ'. 'त्याचे' आणि 'तिचे' या दोन्हींना शब्द एकच, 'ई'. मालक पुरुष की स्त्री हे मांजराच्या पहिल्या अक्षरावरून ओळखायचे! संस्कृतातील संधी ज्याने शाळेत सोसला आहे त्याला हे वळण सर्वस्वी परके वाटणार नाही. परंतु शब्दकोश उघडून 'गाथ' शोधू लागलात तर सापडणार नाही, कारण तो क मध्ये बसलेला असतो. चहाचेही असेच. चहा म्हणजे 'ते', पण 'कपभर चहा' म्हणजे 'पानेद ओ दे'. रोजच्या चहातसुद्धा व्याकरण विरघळलेले आहे.

आणि तो प्रसिद्ध उच्चार, जो ते लोक रोमन लिपीतील दोन 'एल' जोडून लिहितात. जीभ 'ल' म्हणण्यासाठी जेथे टेकते तेथे टेकवा, आणि 'ल' न म्हणता जिभेच्या बाजूने नुसता वारा सोडा. आपला ळ इतरांना जसा जड जातो तसा हा उच्चार इंग्रजांना जड जातो. मी पुढे तो 'ल्ल' असा लिहीन; ती केवळ लिपीची तडजोड समजावी.

आता अंक मोजू. ईन, दाइ, त्री, पेद्वार, पिम्प, ख्वेख, साइथ, ऊइथ, नाऊ, देग. सभागृहात काही चेहऱ्यांवर हसू दिसते आहे, आणि ते योग्यच आहे. त्री आणि त्रि, पेद्वार आणि चत्वार, पिम्प आणि पंच, साइथ आणि सात. आणि नाऊ तर आपल्या नऊच्या शेजारी बसवला तर सख्खा भाऊ वाटेल. नवे म्हणजे 'नेउइद', नाव म्हणजे 'एनू', रात्र म्हणजे 'नोस', जे संस्कृत 'नक्त' शब्दाचे भावंड. विधवा म्हणजे 'ग्वेदू'. बैलाचा 'ईख' हा वेदातल्या 'उक्षन्'चा नातलग. जुन्या पद्धतीत ऐंशी म्हणजे 'चार विसा', अठरा म्हणजे 'दोन नऊ', सोळा म्हणजे 'पंधरावर एक'. शाळांतून आता अठराला 'एक दहा आठ' असे सरळ शिकवतात; घड्याळ आणि तारखा मात्र अजून पुष्कळदा जुन्याच चालीने सांगतात. २०१९ साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आपल्याला स्मरत असेल.

या नात्याचा उलगडा ज्याच्या नावाशी जोडला जातो, त्या सर विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असे तो म्हणाला, आणि त्याच कुळात केल्टिकचीही गणना होऊ शकेल असे त्याने सुचवले. वेल्श ही केल्टिक शाखेतली. जोन्सचा जन्म लंडनचा, पण वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. वर्तुळाच्या परीघ-व्यास प्रमाणाला १७०६ साली 'पाय' हे चिन्ह वापरणारे गणिती ते हेच. मुलगा तीन वर्षांचा होण्याआधीच ते वारले. या जोन्सविषयी एक आख्यायिका आहे. फ्रान्सच्या राजापुढे त्याची ओळख करून देताना इंग्रज वकील म्हणाला म्हणे, की महाराज, या गृहस्थाला जगातील सर्व भाषा येतात. फक्त स्वतःची येत नाही. आख्यायिका खरी असो वा नसो, वेल्समध्ये ती फार सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

स्वतःची भाषा न येणारा वेल्श माणूस कसा घडला, हे पाहिल्याखेरीज रोजच्या शब्दांचे मोल कळणार नाही. १५३६ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत वेल्स इंग्लंडला कायद्याने जोडला गेला. न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली, आणि ज्याला केवळ वेल्श येते त्याला सरकारी पद नाही असे ठरले. एका फटक्यात भाषा कचेरीच्या बाहेर गेली. पण १५८८ साली विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकाने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले, आणि भाषेला देवळात पक्की जागा मिळाली. पुढे रविवारच्या धर्मशाळांतून शेतकरी आणि खाणकामगार हे बायबल वाचायला शिकले. म्हणजे असे झाले की रविवार वेल्शचा, आणि सोमवारपासूनची कचेरी इंग्रजीची. भाषा पवित्र झाली, पूज्य झाली. आणि पूज्य वस्तूचे जे होते तेच तिचे होऊ लागले: ती रोज हाताळली जाईना.

१८४७ साली तिघा इंग्रज वकिलांचा शिक्षणविषयक अहवाल निघाला. तिघांनाही वेल्श येत नव्हते. लोक मागासलेले आहेत आणि नीतीने सैल आहेत याचा बराचसा दोष त्यांनी भाषेच्या माथी मारला. निळ्या बांधणीच्या त्या ग्रंथांना वेल्समध्ये आजही 'निळ्या पुस्तकांची फितुरी' असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांतून एक लाकडी फळी असे. जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची; त्याने दुसऱ्याला बोलताना पकडले की फळी त्याच्या गळ्यात जायची; शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला छडी. हा सरकारी कायदा नव्हता. शाळाशाळांतून, बहुधा पालकांच्या संमतीने, हे चाले. पोराने इंग्रजी शिकून पोट भरावे एवढीच त्या बिचाऱ्यांची इच्छा. ती इच्छा आपल्याला अनोळखी आहे असे कोणी म्हणू नये. मला त्या शिक्षेपेक्षा तिची युक्ती भयंकर वाटते. 'मला पाणी दे' एवढे मित्राशी कुजबुजले तरी तो मित्रच पकडून देणार. भाषेतून विश्वासच काढून घेतला.

आकडे थोडक्यात सांगतो. १९०१ साली निम्मे लोक वेल्श बोलत. १९६१ साली शेकडा २६. १९८१ साली शेकडा १९. २०२१च्या जनगणनेत शेकडा १७.८, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार.

या घसरणीच्या मध्यावर एक घर उभे राहिले, त्याची हकीकत मला जरा सविस्तर सांगितली पाहिजे. दक्षिण वेल्समध्ये ल्लानगेनेख नावाचे खेडे आहे. तेथे ट्रेवोर बीझ्ली हा खाणकामगार आणि त्याची शिक्षिका असलेली पत्नी आयलीन यांनी १९५२ साली ठरवले, की घरपट्टीची मागणीची नोटीस वेल्शमध्ये आल्याशिवाय पट्टी भरायची नाही. गावात बहुतेक लोक वेल्श बोलणारे. ज्या मंडळाकडून नोटीस यायची त्याचे सभासदही तसेच. तरी कागद इंग्रजीत. खटले झाले, डझनाहून अधिक वेळा या दांपत्याला न्यायालयात उभे राहावे लागले. बेलिफ आले आणि घरातील सामान घेऊन गेले, पियानोसुद्धा गेला. मुले रिकाम्या खोल्यांतून वाढली. आठ वर्षांनी, १९६० साली, दोन्ही भाषांतला कागद आला. कशाचा कागद? घरपट्टीचा! कवितेचा नव्हे, राष्ट्रगीताचा नव्हे. 'अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरावी' एवढ्या वाक्यासाठी त्या बाईने आपला पियानो जाऊ दिला. भाषेच्या लढ्याच्या इतिहासात याहून शहाणा लढा मला तरी माहीत नाही.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी नाटककार सॉन्डर्स लुईस यांनी आकाशवाणीवरून एक व्याख्यान दिले. नाव 'तंगेद अर याइथ', म्हणजे 'भाषेचे प्राक्तन'. आजचा ओघ असाच राहिला तर एकविसाव्या शतकाच्या आरंभाला ही जिवंत भाषा उरणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि उपाय म्हणून बीझ्ली दांपत्याकडे बोट दाखवले: कचेरीचे काम वेल्शशिवाय चालणेच अशक्य करून सोडा. व्याख्यानाने काय होते, असे विचारणारे लोक दर वर्षी या मालेला येतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की त्याच वर्षी तरुणांनी भाषेसाठी संघटना काढली आणि २ फेब्रुवारी १९६३ रोजी अॅबरिस्टविथ गावच्या पुलावर बसून रस्ता अडवला. हेतू एवढाच, की आपल्याला पकडावे आणि समन्स वेल्शमध्ये द्यावे. पुढे रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांना रंग फासणे झाले, तुरुंगवास झाले. वेल्श दूरदर्शनवाहिनीचे वचन सरकारने मोडले तेव्हा ग्विन्वोर एव्हन्स यांनी १९८० साली आमरण उपोषणाची घोषणा केली. उपोषण सुरू होण्याआधीच सरकार नमले आणि १९८२ साली वाहिनी सुरू झाली. १९९३ आणि २०११ सालचे कायदे आले. आज वेल्समध्ये वळणापाशी डांबरावर मोठ्या अक्षरांत 'आराव' लिहिलेले दिसते. अर्थ: हळू.

पाट्या आल्या म्हणजे भाषा आली असे मात्र नाही. २००८ साली स्वान्सी येथे अवजड वाहनांना मनाई करणारी पाटी लावायची होती. इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी धाडला, उत्तर आले, तेच पाटीवर रंगवले. वेल्श वाचणारे थबकले. पाटीवर लिहिले होते: 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम असल्यास पाठवून द्यावे.' भाषांतरकाराच्या यंत्राने आपोआप पाठवलेला तो निरोप होता! पाटी द्विभाषी झाली. लावणाऱ्यांपैकी ती वाचू शकणारा मात्र कोणी नव्हता.

म्हणून मुद्दा पुन्हा शिकणाऱ्यापाशी येतो. वेल्श सरकारने २०५० पर्यंत दहा लाख भाषिकांचे उद्दिष्ट २०१७ साली जाहीर केले आहे. घराघरांतून वारसा मिळालेली मुले एवढ्यांची भरती करू शकणार नाहीत. बाकीचे शिकूनच यावे लागणार. प्रौढांसाठी वर्ग आहेत, आणि मोबाईलवर जगभरचे लोक फावल्या वेळी धडे गिरवतात. ल्लीन द्वीपकल्पावर नान्त गुर्थेइर्न नावाची एक दरी आहे. तेथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, खाणकामगारांची वस्ती होती. खाणी बंद पडल्या, माणसे गेली, छपरे कोसळली. १९७८ साली एका विश्वस्त मंडळाने ते ओसाड गाव विकत घेतले, घरे दुरुस्त केली, आणि तेथे भाषेचे निवासी वर्ग सुरू केले. आठवडाभर राहायचे आणि चहापासून निरोपापर्यंत सर्व वेल्शमधून करायचे. दगड फोडण्याच्या गावात आता 'ल्ल' फोडतात.

वर्गात सर्व ठीक चालते. कसोटी दुकानात लागते. उत्तर वेल्समध्ये काइर्नार्व्हन नावाचे गाव आहे. बहुसंख्य वस्ती वेल्श बोलणारी. मी तेथे एका चहाच्या दुकानात शिरलो आणि पाठ केलेले वाक्य म्हटले: 'पानेद ओ दे, ओस ग्वेलुख अन दा.' वाक्य शुद्ध होते. दुकानातील बाई शेजारणीशी वेल्शमध्येच गप्पा मारत होत्या. माझ्याकडे वळून त्या प्रसन्नपणे हसल्या आणि इंग्रजीत विचारत्या झाल्या, की साखर किती? त्यात अपमान नव्हता, सौजन्यच होते. पाहुण्याला त्रास नको! परंतु वेल्श शिकणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की व्याकरणाने मारले नाही, 'ल्ल'ने मारले नाही, या सौजन्याने मारले. शिकणारा धीर करून पहिला शब्द बोलतो आणि समोरचा त्याच्या सोयीसाठी भाषा बदलतो. असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी तो आपण होऊनच इंग्रजीत चहा मागतो.

हे ऐकताना मुंबईकर श्रोत्यांनी जरा आपल्या जिभेकडे पाहावे. परप्रांतातून आलेला टॅक्सीवाला मोडक्या मराठीत 'कुठे जायाचा?' म्हणून विचारतो आणि आपण ताबडतोब, त्याच्याहून मोडक्या हिंदीत, पत्ता सांगू लागतो. वर घरी येऊन म्हणतो, या लोकांना मराठी शिकायलाच नको. त्याने तर आरंभ केला होता. उत्तर कोणत्या भाषेत आले? २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या पेढ्यांतला एक त्या टॅक्सीवाल्याला, मराठी चार वाक्यांसह, द्यायला हवा होता.

वेल्समध्ये या रोगावर दोन साधे उपाय चालू आहेत. दुकानातील किंवा कचेरीतील ज्या माणसाला वेल्श येते तो छातीवर नारिंगी बिल्ला लावतो, म्हणजे समोरच्याने बेधडक वेल्शमध्ये तोंड उघडावे. नातवंडांच्या छातीवर हा बिल्ला मानाने झळकतो. पणजोबांच्या गळ्यात याच भाषेपायी फळी अडकवली होती. दुसरा उपाय २०१३ सालापासूनचा. दर वर्षी १५ ऑक्टोबरला प्रत्येक संभाषणाचा आरंभ वेल्श अभिवादनाने करायचा: दक्षिणेत 'शुमाइ', उत्तरेत 'सिमाइ'. पुढचे वाक्य इंग्रजीत गेले तरी चालेल, पहिले वेल्शमध्ये. उत्तर-दक्षिणेचा हा भेद तेथे ठायी ठायी आहे. दूध उत्तरेत 'ल्लेव्रिथ', दक्षिणेत 'ल्लाइथ'. आजी उत्तरेत 'नाइन', दक्षिणेत 'माम्गी'. कोणती वेल्श शुद्ध, यावर वाद घालणारे विद्वान तेथेही आहेत. शिकणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. जेथे दूध घ्यायचे तेथला शब्द घ्यावा.

आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे कार्डिफला शिकायला किंवा नोकरीला असतील आणि आपण त्यांच्याकडे जाणार असाल, तर पाच-सहा वाक्ये सोबत न्या. वर सांगितलेली पुरेशी आहेत. समोरचा इंग्रजीत वळला तर रागावू नका. म्हणा, 'दू इन दस्गी कम्राइग', मी वेल्श शिकतो आहे. मग तो हसेल आणि सुटेल, भरधाव, डोंगरातल्या ओढ्यासारखा, आणि आपल्याला एक अक्षर कळणार नाही. अशा वेळी रस्त्यावर वाचलेला तोच शब्द वापरायचा: 'अन आराव, ओस ग्वेलुख अन दा.' हळू बोला, आपल्याला बरे दिसत असेल तर.